फोड कुणाच्या ताटात?

श्रावणातली गोष्ट. वस्तीतल्या विहाराच्या व्हरांड्यात गरोदर बायांची रक्ततपासणी चालली होती. पाचवा महिना लागलेली एक सून सासूबाईंबरोबर आली. बोटाला सुई टोचली, हिमोग्लोबिन आलं ७.४. गरोदरपणात ते ११च्या खाली गेलं की रक्त कमी आहे असं धरतात आणि ७च्या खाली गेलं तर थेट मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागतं. ही अगदी काठावर होती. जेवणात काय काय असतं, असं मी तिला विचारलं, तर तिच्या आधी सासूबाईच बोलल्या, "ताई, वर्षावास चालू आहे ना. आषाढी पौर्णिमेपासून घरात अंडंसुद्धा आणलेलं नाही. तीन महिने कडक."

त्यांच्या आवाजात अभिमान होता आणि तो खोटा नव्हता. रोज संध्याकाळी पांढरं पातळ नेसून ग्रंथवाचनाला पुढच्या रांगेत बसणारी ही बाई. सून मात्र खाली बघत होती. पुढच्या आठवड्यात गोळ्या न्यायला ती एकटी आली, तेव्हा मी हळूच विचारलं, "आषाढाच्या आधी तर खात होतीस ना गं?"

"असायचं की रविवारी अर्धा किलो. आम्ही सहा माणसं. माझ्या ताटात रस्सा यायचा."

सासूबाईंचं ते बोलणं आणि सुनेचं हे उत्तर, दोन्ही माझ्या डोक्यातून जात नाहीत. एकीकडे जीव मारून खाणं बौद्धाला शोभतं का, हा प्रश्न. दुसरीकडे मारलेल्या जिवाचं मांस शेवटी कुणाच्या तोंडी पडतं, हा प्रश्न. पहिल्यावर आपण विहारात वाद घालतो. दुसरा स्वयंपाकघरातच राहतो.

पहिल्या प्रश्नाचा मारा आपल्यावर दोन बाजूंनी होतो. बाहेरचे विचारतात, "तुम्ही तर अहिंसावाले, मग मटण कसं चालतं?" विचारणारा पुष्कळदा तोच असतो, जो भाड्याची खोली देताना आडनाव विचारतो आणि मग "आमच्याकडे नॉनव्हेज चालत नाही" म्हणून परत पाठवतो. आणि घरातले, आपलेच काही उपासक सांगतात की पंचशील घेतलं ना, मग मांस सुटलंच पाहिजे. पहिल्याला उत्तर द्यायची आपल्याला सवय आहे. दुसऱ्याचं बोलणं मनाला लागतं, कारण पहिलं शील आपण रोज तोंडाने म्हणतो.

हा वाद नवा नाही. तथागतांच्या हयातीतही झाला होता. वैशालीचा सेनापती सिंह हा आधी निगंठांचा अनुयायी होता, नंतर तो बुद्धाचा उपासक झाला. त्याने तथागतांना आणि भिक्खूसंघाला भोजनाला बोलावलं, बाजारातून तयार मांस आणवलं आणि वाढलं. तिकडे वैशालीच्या रस्त्यारस्त्यांवर ओरड झाली की गौतमासाठी आज मोठं जनावर मारलंय आणि ठाऊक असूनही तो ते खातोय. विनयपिटकात ही हकीकत आहे. त्या प्रसंगी तथागतांनी भिक्खूंसाठी नियम घालून दिला. आपल्यासाठी जनावर मारताना पाहिलं असेल, तसं ऐकलं असेल किंवा तसा संशय असेल, तर ते मांस घ्यायचं नाही. या तिन्ही बाजूंनी शुद्ध असेल तर घ्यायला हरकत नाही. पुढे देवदत्ताने संघासाठी पाच कडक नियम मागितले, त्यात मासे आणि मांस जन्मभर वर्ज्य करावं ही एक मागणी होती. तथागतांनी ती सक्ती मान्य केली नाही.

इथपर्यंत आपल्यातले बरेच जण सांगतात आणि थांबतात. मला वाटतं, इथे थांबणं सोयीचं आहे, पण खरं नाही. तो नियम भिक्षापात्र घेऊन फिरणाऱ्या भिक्खूचा आहे. पात्रात पडेल ते घेणारा माणूस तो. आपण रविवारी सकाळी चिकनच्या दुकानासमोर उभे राहतो, पिंजऱ्यातली कोंबडी बोटाने दाखवतो, ती आपल्यासमोर काट्यावर चढते, आपल्यासमोर कापली जाते. पाहिलं, ऐकलं आणि संशयाला तर जागाच नाही. भिक्खूच्या नियमाचा आडोसा घेऊन गृहस्थाची सुटका होत नाही.

गृहस्थाने काय धरायचं, याचं उत्तर बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात दिलेलं आहे. वर्षावासात विहाराविहारात तोच ग्रंथ वाचला जातो. पण अहिंसेवरचा भाग वाचला जातो तेव्हा पोरं पेंगत असतात आणि मोठ्यांचं लक्ष खिरीकडे असतं! बाबासाहेब तिथे दोन गोष्टी वेगळ्या करतात. एक, मारण्याची इच्छा. दुसरी, मारण्याची गरज. ब्राह्मणी यज्ञधर्मात मारण्याची इच्छा होती, जैन धर्मात कधीही न मारण्याची इच्छा आहे आणि बुद्धाची अहिंसा या दोन टोकांच्या मधली आहे, अशी त्यांची मांडणी आहे. अहिंसा हे त्यांच्या मते तत्त्व आहे, नियम नव्हे. नियम तुम्हाला बांधून टाकतो. तत्त्व तुम्हाला विचार करायला लावतं.

म्हणूनच जीव मोजत बसण्यात अर्थ नाही. जवळ्याच्या एका मुठीत शेकडो जीव असतात, बोकडात एकच. शेतात नांगर चालला तरी किती किडे मरतात. धम्म मोजदाद करत नाही, चेतना विचारतो. हे का मारलं?

हा प्रश्न हातात घेतला की आपल्याच घरातल्या काही गोष्टी उघड्या पडतात. धम्मदीक्षेला सत्तर वर्षं होत आली, तरी काही घरांत नवसाचं बोकड अजून कापलं जातं. गावाकडे जत्रा आली, पोरगं आजारातून उठलं, रिक्षा नवी घेतली, की कुणीतरी म्हातारं माणूस आठवण काढतंच आणि मग "देवासाठी नाही हो, भावकीच्या जेवणासाठी" असं म्हणून कंदुरी होते. हे मात्र धम्मात कुठेच बसत नाही. यज्ञासाठी शेकडो बैल, गोऱ्हे, बोकड बांधून ठेवलेल्या कूटदंत ब्राह्मणाला तथागतांनी समजावलं आणि त्याने ती सगळी जनावरं सोडून दिली. सम्राट अशोकाच्या पहिल्या शिलालेखात आधी यज्ञबळीला मनाई आहे. मग तो राजा स्वतःच्या मुदपाकखान्याचा हिशेब देतो. पूर्वी तिथे रोज लाखो प्राणी मारले जात, आता दोन मोर आणि एक हरीण एवढेच मारले जातात, तेही पुढे बंद होतील. मला या शिलालेखातला खरेपणा फार आवडतो. एवढा मोठा राजा, पण आम्ही सगळं सोडलं अशी बढाई त्याने मारली नाही. अजून तीन मारतो, हेही दगडावर कोरून ठेवलं.

आपल्या इतिहासातलीही एक गोष्ट इथे नीट समजून घेतली पाहिजे. १९२७च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माणसांना मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. गंमत बघा, हिंसेच्याच मापाने मोजलं तर मेलेल्या गुराचं मांस सगळ्यांत कमी हिंसेचं, कारण ते कुणी मारलेलंच नसतं! तरी बाबासाहेबांनी तेच सोडायला सांगितलं. मढं ओढायचं, त्याच्या बदल्यात मांस न्यायचं, यात गुलामी होती, ती त्यांना मोडायची होती. त्यांनी मांस सोडा असं सांगितलं नव्हतं, लाचारीचा घास सोडा असं सांगितलं होतं. आरोग्याच्या दृष्टीनेही ते बरोबरच होतं. काळपुळीसारखा रोग मेलेल्या गुराला हात लावल्यानेसुद्धा माणसाला होतो. आजही कुणी पिंजऱ्यात मेलेली कोंबडी निम्म्या भावात देऊ केली, तर ती घेऊ नका. उकळली की सगळं मरतं असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

आता गरजेकडे येते, कारण आरोग्याचं पान तिथेच सुरू होतं.

२०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी सापडलं. पाच वर्षांखालच्या पोरांत हे प्रमाण ६९ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे रांगेत उभ्या असलेल्या तीन लेकरांतल्या दोघांना रक्त कमी. दर महिन्याची पाळी, पाठोपाठची बाळंतपणं, पोटातले जंत आणि जेवणात लोह, प्रथिनं कमी, अशी त्याची कारणं आहेत. पालेभाजी आणि डाळीत लोह असतं, पण शरीर त्यातलं थोडंच उचलतं. मांस, कलेजी, मासळी यांतलं लोह जास्त उचललं जातं आणि शिवाय त्याच घासाबरोबर खाल्लेल्या भाजीतलं लोहसुद्धा चांगलं उचललं जातं. म्हणजे एक-दोन फोडीसुद्धा पूर्ण ताटाला मदत करतात. बी-१२ नावाचं जीवनसत्त्व, जे कमी पडलं की हातापायाला मुंग्या येतात, थकवा येतो, ते तर फक्त प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नातच असतं, म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध, दही. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात आणि ते वस्तीतल्या किराणा दुकानातही सुटं मिळतं.

मग गरज कुणाची? गरोदर बाईची, अंगावर पाजणारीची, वाढत्या लेकराची, पाळी सुरू झालेल्या मुलीची, टीबीतून उठणाऱ्या माणसाची. आता आपल्या घरातलं रविवारचं पातेलं आठवा. पहिलं ताट कुणाचं? घरच्या कर्त्याचं, मग थोरल्या पोराचं, मग पाहुण्याचं. मोठ्या फोडी तिकडे जातात. मग मुली. शेवटी सून बसते, तेव्हा पातेल्यात रस्सा आणि एखादं हाडूक उरलेलं असतं. "रश्श्यातच सगळी ताकद असते" असं तिला सांगितलं जातं आणि तीही ते खरं मानते. पण खरं तसं नाही. रश्श्यात चव उतरते, तेल उतरतं, मीठ उतरतं. प्रथिनं आणि लोह बहुतेक फोडीतच राहतं.

माझं सगळं म्हणणं इथे येऊन थांबतं. गरजेपोटी जीव घेतला, असं म्हणून आपण बाबासाहेबांच्या शब्दाचा आधार घेतो. मग ज्याची गरज दाखवून तो जीव घेतला, त्याच्याच ताटात फोड पडली नाही, तर तो आधार उरतो कुठे? ७.४ रक्त असलेली सून रस्सा पिते आणि धडधाकट दीर चार फोडी खातो, तेव्हा ती कोंबडी गरजेसाठी मेली असं म्हणता येत नाही. ती जिभेसाठी मेली. हळदीच्या पंगतीत किती बोकडं पडली यावरून इभ्रत ठरते आणि सकाळी उकिरड्यावर अर्ध्या खाल्लेल्या पत्रावळी पडलेल्या असतात, तिथेही हेच.

आणि एक कडू गोष्ट. मटणाचा बेत म्हटला की बऱ्याच घरांत बाटली आलीच. मांसाबद्दल वाद होऊ शकतो, दारूबद्दल होऊ शकत नाही. पाचवं शील स्पष्ट आहे, बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा स्पष्ट आहे. जो उपासक वर्षावासात अंडं शिवत नाही आणि वर्षावास संपल्यावर संध्याकाळी गुत्त्यावर दिसतो, त्याने सुनेला अहिंसा शिकवू नये. बाटलीच्या पैशात आठवड्याभराची अंडी येतात, हा हिशेब मी बायकांच्या बैठकीत सांगते तेव्हा सगळ्या हसतात. हसतात, कारण सगळ्यांना तो आधीच ठाऊक असतो.

गरज आहे म्हणून खातो, तरी जनावराचे हाल करायची परवानगी त्यातून मिळत नाही. जीवकसुत्तात तथागतांनी जनावर मारून भिक्खूला वाढणाऱ्याचं पाप पाच ठिकाणी दाखवलं आहे. त्यातलं एक असं की गळ्याला दोर बांधून ओढत आणताना त्या जनावराला जे दुःख होतं, तेही पाप. म्हणजे कापण्याच्या आधीचं दुःखही वेगळं मोजलं. आपल्याकडे कोंबड्या पाय बांधून, उलट्या लटकवून, मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना झुलत नेल्या जातात. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे जनावराला विनाकारण यातना होतील अशा रीतीने नेणं हा गुन्हा आहे. जिथे पिंजरे कोंदट आहेत, पाणी ठेवलेलं नाही, एकीला दुसरीसमोर कापतात, त्या दुकानदाराला आपण गिऱ्हाईक म्हणून दोन शब्द बोलू शकतो. चार घरांनी बोलून दुकान बदललं तर तो ऐकतो. अशा दुकानातलं मांस आरोग्यालाही चांगलं नसतं, ते वेगळंच. घरी आणल्यावर कच्चं चिकन वेगळ्या भांड्यात ठेवा, सुरी आणि पाट साबणाने धुवा, मगच त्यावर कांदा-कोथिंबीर चिरा. आतून गुलाबी राहणार नाही इतकं शिजवा.

मांस विकणं हा धंदा उपासकाने करू नये, असं अंगुत्तरनिकायात सांगितलं आहे. शस्त्रं, प्राणी, मांस, मद्य आणि विष हे ते पाच व्यापार. पण म्हणून कापणाऱ्याला कमी लेखायचं आणि आपण हात धुऊन पंगतीला बसायचं, हे चालणार नाही. दुसऱ्याकडून घाण काम करून घ्यायचं आणि त्यालाच अपवित्र ठरवायचं, हा खेळ आपण पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे. तो आपण तरी खेळू नये.

ज्यांनी करुणेपोटी मांस सोडलं आहे, त्यांच्याविषयी मला आदर आहे. बावीस प्रतिज्ञांत सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञाही आहे आणि ती मनाला भिडून कुणी सोडत असेल, तर त्याची थट्टा करू नका. दोनच गोष्टी पाळा. स्वतःपुरतं सोडा, गरोदर सुनेवर आणि लेकरांवर लादू नका. आणि सोडलं ते भरून काढा. डाळ-भात किंवा डाळ-भाकरी एकत्र, मोड आलेली मटकी, शेंगदाणे, फुटाणे, अळीव, दूध-दही रोज. पालेभाजीवर लिंबू पिळा, जेवणानंतर लगेच चहा घेऊ नका, चहामुळे लोह उचललं जात नाही. मांस खाणाऱ्या घरांनाही चहाची ही गोष्ट लागू आहे. मटण परवडत नाही तिथे सुकट, जवळा आहे. बारीक मासळी काट्यासकट खाल्ली जाते, त्यातून कॅल्शियमही मिळतं. मात्र मीठ फार असतं, तेव्हा दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्या आणि बीपी असलेल्यांनी बेताने खा. कलेजी चांगली, पण गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, ती टाळलेलीच बरी, कारण तिच्यात 'अ' जीवनसत्त्व फार असतं.

शाळेतल्या अंड्याचंही सांगायला हवं. २०२३च्या नोव्हेंबरपासून राज्यात शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं आणि न खाणाऱ्यांना फळ सुरू झालं होतं. २०२५च्या जानेवारीत सरकारने त्याचा पैसा थांबवला आणि लोकसहभागातून द्यायचं असेल तर द्या, असं सांगितलं. ज्यांच्या घरी रोज दूध-तूप आहे, त्यांच्या पोरांचं त्याने काही अडलं नाही. जयंतीच्या वर्गणीतून डीजेवर जो पैसा जातो, त्यातला थोडा वस्तीतल्या शाळेच्या अंड्यांकडे वळला, तर तोही लोकसहभागच.

त्या सुनेला दिवसातून दोन लोहगोळ्या सुरू केल्या. जेवणानंतर तासाभराने, चहाबरोबर नाही, कॅल्शियमच्या गोळीबरोबर नाही. सासूबाईंना मी काही समजावलं नाही. आमच्या विहारात वर्षावासाला आलेल्या भन्तेजींनाच एकदा विचारा, एवढंच म्हणाले. त्यांनी विचारलं. भन्तेजींनी त्यांना एवढंच विचारलं म्हणे, की सुनेने स्वतः होऊन सोडलंय का?

आश्विन पौर्णिमेनंतर तपासणीला दोघी पुन्हा आल्या. हिमोग्लोबिन ९.१ होतं. सासूबाई म्हणाल्या, "आता आधी तिचं ताट वाढते, मग बाकीच्यांचं. पण ताई, तिला मटणाचा वासच सहन होत नाही सध्या, उलटी येते. फोड बाजूला काढून ठेवते, ती पोराला देऊन टाकते. काय करू?"

रोज एक उकडलेलं अंडं द्या म्हटलं, आणि ते खाऊन होईपर्यंत तिच्याजवळ बसा.